नव्या संगीत नाटकात पहिल्यांदा उभं राहणं, आणि त्यातून पडलेला एक प्रश्न

काळीपाच (धागाकर्ती)

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. काल तालमीहून घरी आले आणि झोप लागेना, म्हणून आज लिहूनच टाकते. लांबलं तर सांभाळून घ्या.

गेली सोळा वर्षं मी हौशी संगीत रंगभूमीवर काम करते. दिवसा बँक, संध्याकाळी सात ते दहा तालीम. ‘सौभद्र’मधली सुभद्रा केली, ‘मानापमान’मधली भामिनी केली, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी केली. या भूमिकांनीच मला गायला शिकवलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही. पण त्या करताना विंगेत उभी राहिले की कानात आधीपासून कुणीतरी गात असतं. भामिनीचं पद सुरू व्हायच्या आधी बालगंधर्वांची तबकडी माझ्या डोक्यात फिरायला लागते. समोर पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या डोक्यातही तीच फिरत असते. एखादी जागा मी वेगळी घेतली की मध्यंतरात कुणीतरी ग्रीनरूममध्ये येऊन सांगतं, "ती हरकत अशी नाही बाळ, अशी आहे." आणि गाऊन दाखवतं. अगदी मायेनं.

चार वर्षांपूर्वी आमच्या संस्थेनं राज्य संगीत नाट्य स्पर्धेसाठी नवीन संहिता घेतली. नाटकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथे जाहिरात करायची नाहीये. काळ १८९७ चा, पुण्यातल्या प्लेगचा. मी छावणीत रोग्यांची सेवा करणारी बालविधवा. पहिल्या वाचनाला वही हातात आली तेव्हा पदांचे नुसते शब्द होते, चाली लागायच्या होत्या. संगीतकारांनी विचारलं, "तुझी पट्टी कोणती?" म्हटलं, काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा माझा षड्ज. मग म्हणाले, "खाली कुठवर जातेस? आणि दमलेली असताना कुठवर जातेस?" तोवरच्या बारा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

दुसऱ्या अंकात मी पाण्याच्या दोन बादल्या घेऊन येते, त्या ठेवते आणि एका तापलेल्या मुलाच्या उशाशी बसून गाते. चाल मारव्यात, ताल रूपक. बैठकीत बसून म्हणताना पद छान बसलं होतं. उभ्या तालमी सुरू झाल्या, दिग्दर्शकानं बादल्यांत खरं पाणी भरायला लावलं, आणि तिसऱ्या ओळीत माझा श्वास तुटायला लागला. रोज. घरी प्राणायाम केला, ओळ दुप्पट लयीत घोकली, काही उपयोग नाही. शेवटी संगीतकारांना म्हटलं, माझ्याच्यानं होत नाही. ते म्हणाले, "पुन्हा बादल्या घेऊन ये आणि गा. तुटू दे." तीनदा गायला लावलं. तिन्ही वेळा एकाच शब्दाशी तुटला. त्यांनी वहीत पेन्सिलीनं खूण केली आणि ओळच अशी सरकवली की तो श्वास बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येईल. रूपकाची सम खालीची असते, तिथे डग्गा गप्प असतो. त्या रिकाम्या मात्रेत माझा श्वास ऐकू येऊ लागला. दोन दिवसांपूर्वी जी माझी उणीव होती, ती त्या बाईची दमणूक झाली.

आणखी एक. अंतऱ्याचा शेवटचा शब्द होता ‘निश्चिंत’. तिथे वरच्या षड्जावर थांबायचं होतं, आणि ‘चिं’वर सूर लांबवताना गळा आवळल्यासारखा व्हायचा. लेखकाला भीत भीत म्हटलं, शेवटी आकार मिळाला तर बरं होईल. त्यांनी दोन दिवस घेतले आणि ‘निवारा’ आणून दिला. पहिल्या प्रयोगाला नऊ दिवस राहिले होते. गळा मोकळा झाला हे तर खरंच, पण अर्थही बदलला. ते पोर निश्चिंत होऊच शकत नव्हतं, त्याला हवा होता निवाराच. लेखक म्हणाले, हे मला लिहिताना सुचायला हवं होतं.

पहिल्या प्रयोगाला मी मारव्याचा कोमल रिषभ लावला, तेव्हा त्या नाट्यगृहात पुढचा सूर कुठे जाणार हे आम्हा मोजक्यांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मारव्यात षड्ज लवकर सापडत नाही. लोक तो शोधत माझ्याबरोबर चालत होते. अशी शांतता मी रुक्मिणी करताना कधी अनुभवली नाही. तेव्हापासून नवीन संहिता म्हटली की भूमिका दोन वाक्यांची असली तरी मी हो म्हणते.

आता प्रश्न. ते नाटक पुन्हा उभं राहतंय. माझं वय आता त्या भूमिकेचं राहिलं नाही, मी सासूचं काम करणार आहे. बालविधवा करणारी मुलगी बावीस वर्षांची आहे, गळा सुरेख. काल तिनं मला स्पर्धेच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग मागितलं. माझ्या फोनमध्ये आहे. देते म्हटलं आणि दिलं नाही. का दिलं नाही ते मलाच नीट कळत नाहीये. द्यावं का?

—

शेवटचीरांग

ताई, लिहिलंय अगदी मनापासून, पोचलं. पण चाळीस वर्षं तिकीट काढून संगीत नाटकं पाहणारा माणूस म्हणून एक वेगळी बाजू मांडतो.

नव्या संगीत नाटकातली पदं माझ्यासोबत घरी येत नाहीत. मी जातो, ऐकतो, त्या वेळी बरं वाटतं, आणि बस मिळेपर्यंत चाल विसरलेली असते. ‘मत्स्यगंधा’ची पदं मी लहानपणी रेडिओवर ऐकली, नाटक पाहिलं फार नंतर. पदं आधीच माझी झाली होती. ओळखीचा सूर पुन्हा भेटणं हाही एक आनंद आहे. प्रेक्षक पैसे मोजतो ते बऱ्याचदा त्यासाठीच.

दुसरं म्हणजे, स्पर्धेतलं नवीन नाटक किती वेळा होतं? प्राथमिक फेरीत एकदा, नशीब असेल तर अंतिमला एकदा, मग नेपथ्य कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये. दोन प्रयोगांत चाल लोकांच्या तोंडी कशी बसणार? नटाला नवेपणाचा आनंद होत असेल, पण जुनी पदं ज्या नटांनी शेकडो प्रयोग गाऊन आमच्यापर्यंत पोचवली, त्यांचं काम मला मोठं वाटतं.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर, द्या की. त्यात काय एवढं?

—

पायपेटी

मी ऑर्गनवर साथ करतो. वय ७१. या धाग्यावर लिहिण्यासाठी नातवाकडून खातं उघडून घेतलं.

शेवटचीरांग, आपलं म्हणणं मान्य करून एक आठवण करून देतो. आपण ज्याला जुनं म्हणतो ते कुणीतरी एके दिवशी पहिल्यांदा गायलं होतं, आणि तेही बऱ्याचदा अर्धवट असताना. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ केलं ते पहिल्या चार अंकांचं. पुढचे अंक नंतर आले. ‘सौभद्र’ही तसंच. १८८२ मध्ये तीन अंक रंगभूमीवर आले, आणि नाटक पुरं झालं १८८३ मध्ये. सुभद्रेचं पुढे काय होणार हे माहीत नसलेल्या लोकांसमोर ते नट गात होते. (कथा महाभारतातली, ती माहीत होती. पण पदं माहीत नव्हती, आणि संगीत नाटकात माणूस पदांतूनच कळतो.)

आता ‘कट्यार काळजात घुसली’. १९६७ साल. वसंतराव देशपांडे १९२० चे, म्हणजे सत्तेचाळिशीचे. निम्मं आयुष्य सरकारी हिशेबाच्या नोकरीत गेलेलं. गाणं जाणणाऱ्यांत त्यांचा दबदबा होता, पण घराघरांत नाव पोचलं ते खाँसाहेबांच्या भूमिकेनं. दारव्हेकर मास्तरांची संहिता, अभिषेकीबुवांच्या चाली, आणि समोर हा गळा. आज कुणीही खाँसाहेब करायला उभा राहिला की त्याच्या मागे वसंतराव उभे असतात. वसंतरावांच्या मागे कोण उभं होतं? कुणीच नाही. मी ते नाटक कॉलेजात असताना पाहिलं, आणि त्या माणसाची अस्वस्थता आजही माझ्या बोटांत आहे. नव्या भूमिकेत गळा आणि माणूस एकमेकांना धरून वाढतात ते असं.

काळीपाच, तुमचा तो रूपकातला श्वास वाचून मी दोनदा पान वर सरकवलं. साथीदाराच्या बाजूनं सांगतो. अशा ठिकाणी ऑर्गनवाल्यानं भाता भरलेला ठेवायचा आणि पट्टी दाबायची नाही. पाय चालू, हात थांबलेला. गायिकेचा श्वास आणि भात्याचा श्वास एकदम. हे आधी लिहून ठेवता येत नाही, तालमीत सापडतं. जुन्या नाटकात मी कुठे थांबायचं हे माझ्या गुरुजींनी ठरवून दिलेलं असतं. नव्यात ते मी ठरवतो. पन्नास वर्षांत अशी सात नवीन नाटकं वाट्याला आली. सातही तोंडपाठ आहेत.

रेकॉर्डिंग देऊ नका.

—

केपेंकार

पायपेटी काका, नमस्कार. आमच्या गोव्यात अजून देवळाच्या उत्सवात गावकरी नाटक करतात. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. कला अकादमीची मराठी संगीत नाट्य स्पर्धाही आहे. माझे वडील दरवर्षी उत्सवात कृष्ण करायचे, मी पहिल्यांदा रंगभूमीवर चढलो तो त्यांच्या हाताला धरून. पण मला या धाग्यावर तियात्राबद्दल बोलायचं आहे, कारण नवेपणाची चर्चा तिथे वेगळ्याच तऱ्हेनं होते.

तियात्र कोंकणी. सुरू झालं मुंबईत, १७ एप्रिल १८९२ ला. दोन प्रवेशांच्या मध्ये ‘कांतारां’ होतात, म्हणजे पडद्यापुढे येऊन म्हटलेली गाणी. त्यातली बरीचशी नाटकाच्या गोष्टीशी जोडलेली नसतात. गेल्या पंधरवड्यात गावात काय घडलं, मंत्री काय बोलला, खाणीचं काय झालं, त्यावर ताजं गाणं. मागच्या वर्षीचं कांतार म्हटलं तर लोक बसल्या जागेवरून ओरडतात. तिथे प्रेक्षकच नवं मागतो! माझा एक मित्र तियात्रात गातो. तो म्हणतो, जुनं गाणं म्हणायला उभं राहिलो तर उष्टं वाढल्यासारखं वाटतं.

म्हणजे नवं ऐकायची सवय ही प्रेक्षकाला लावावी लागते, असं माझं मत. आमचे अभिषेकीबुवा मंगेशीचे, गायक नट रामदास कामतही गोव्याचेच. १९६४ मध्ये बुवांच्या चालींचं ‘मत्स्यगंधा’ आलं तेव्हा ते पस्तिशीचे. ती पदं ऐकून त्या काळी कुणी म्हटलं नसेल का, की बालगंधर्वांची सर नाही?

—

काळीपाच

पायपेटी काका, तुम्ही खातं उघडून लिहिलंत, खूप बरं वाटलं. भात्याचं वाचून मला आमच्या ऑर्गनवाल्या काकांचा चेहरा आठवला. ते त्या जागी माझ्याकडे बघायचे, पेटीकडे नाही.

शेवटचीरांग काका, दोन प्रयोगांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि तेच माझं दुखणं आहे. आमचे चार वर्षांत तीनच प्रयोग झाले. एका व्यवस्थापकाकडे नाटक घेऊन गेलो तर त्यांनी विचारलं, साथीदार किती? ऑर्गन, तबला, व्हायोलिन, झांज. त्यावर गाणारे सहा नट, कोरस आठ. त्यांनी तिथल्या तिथे कागदावर आकडे मांडून दाखवले. थिएटरचं भाडं, बस, सगळ्यांची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन. त्यांचंही चूक नव्हतं. म्हणाले, "ट्रॅकवर करता का? मग बोलू." म्हणजे साथीदारांऐवजी आधी रेकॉर्ड केलेली साथ. आम्ही नाही म्हटलं. ते बरोबर केलं का, हे मी अजून स्वतःला विचारते.

—

अनवट

ट्रॅकचा विषय निघालाच आहे तर मी लिहिते. मी पंचविशीतली, नाट्यशास्त्राची पदवी घेतलेली, सध्या प्रायोगिक नाटकांत गाते. मी ट्रॅकवर काम केलंय आणि ऑर्गन-तबल्यावरही. ट्रॅकला सरसकट नावं ठेवू नयेत. ट्रॅक होता म्हणून आमचं नाटक छोट्या गावांतल्या शाळांच्या हॉलमध्ये होऊ शकलं, टेंपोत सेट आणि दोन स्पीकर. पण काळीपाच ताई म्हणतात तो श्वास ट्रॅकमध्ये मावत नाही हेही खरं. तिथे मला लय ठरवता येत नाही. समोरच्या नटानं वाक्य दोन सेकंद उशिरा टाकलं, प्रेक्षक हसला म्हणून थांबावं लागलं, तरी ट्रॅक निघून गेलेला असतो. मग मी भूमिका सोडून त्याच्या मागे धावते.

आणि ‘नवीन संगीत नाटक’ म्हटल्यावर सगळे राग आणि तालांबद्दलच का बोलतात? १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये भास्कर चंदावरकरांनी कीर्तन, लावणी, सगळं एका माळेत ओवलं. ‘तीन पैशाचा तमाशा’त १९७८ मध्ये नंदू भेंडे रॉक गात होते, मराठीत. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’त संभाजी भगतांची शाहिरी आहे. ‘देवबाभळी’ घ्या. प्राजक्त देशमुखांची आवली आणि लखुबाई, आनंद ओकांचं संगीत, रंगभूमीवर दोनच बायका. तुकोबांच्या आवलीच्या पायातला काटा विठ्ठल काढतो, ती जखम बरी होईपर्यंत तिच्याकडे प्रत्यक्ष रखुमाई लखुबाई होऊन येते, आणि त्या दोघी संसाराबद्दल गात बोलतात. २०१७ मध्ये आलं आणि व्यावसायिक रंगभूमीवर हाउसफुल्ल चाललं. मी ते सहा वेळा पाहिलं. तिसऱ्या वेळेपर्यंत आजूबाजूच्या बायका ओठांनी पदं म्हणत होत्या. शेवटचीरांग काका, ती पदं घरी आली होती.

शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी यांना तिथे पाहून मी ठरवलं की मला हे करायचंय. पण नीट सांगायचं तर, मला आवली करायची नाही. ती झाली. जी अजून कुणी लिहिली नाही ती मला करायची आहे.

—

शेवटचीरांग

‘देवबाभळी’ मी पाहिलं आहे. तुझं म्हणणं मान्य. ती पदं माझ्याही घरी आली होती, पहिला प्रतिसाद लिहिताना कशी विसरलो कोण जाणे. बायको अजून म्हणते त्यातलं एक, पोळ्या लाटताना.

—

करवीरवासी

मी गायक नाही, कोरसमध्ये उभा राहणारा माणूस. पण हा विषय माझाही आहे.

‘घाशीराम’चं नाव निघालं म्हणून लिहितो. आम्ही कोल्हापुरात एक नवीन नाटक केलं होतं, त्यात आम्ही अकरा जण सतत रंगमंचावर. ‘घाशीराम’सारखं आम्हीच उभे राहून भिंत व्हायचो, आम्हीच बाजार, आम्हीच पूर. संगीतकारानं पहिल्या दिवशी आम्हाला एका ओळीत उभं केलं आणि प्रत्येकाला ‘आ’ लावायला सांगितला. कोण खर्जात, कोण वर, कोण बेसूर. मी बेसूर. मला वाटलं आता घरी पाठवतात. ते म्हणाले, हा आवाज पुराच्या पाण्यात पाहिजे. मला तीन सूर दिले, फक्त तीन, आणि ते कधी लावायचे ते सांगितलं. पाणी चढत जातं तेव्हा. जुन्या नाटकात मला गायची जागाच नव्हती. नव्यात माझ्या गळ्यापुरती जागा कुणीतरी तयार केली.

ते नाटक केशवराव भोसले नाट्यगृहात झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा आम्ही कोरसमधले सहा जण रस्त्यावर उभे होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. १९२१ च्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये ते धैर्यधर होते, बालगंधर्व भामिनी, टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला प्रयोग. लोक हे सगळं सांगत होते, ते मोठंच आहे. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तिथल्या डाव्या विंगेतली ती फळी येत होती. तिच्यावर पाय ठेवून मी माझ्या तीन सुरांची वाट बघायचो.

—

न्यूजर्सीकर

इथे महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांत कामं करतो. न्यूयॉर्क तासाभरावर, त्यामुळे म्युझिकल्स पाहणं होतं.

इथल्या नटांत ‘ओरिजिनल कास्ट’मध्ये असण्याला फार मान आहे, आणि कारण नेमकं काळीपाच यांनी लिहिलंय तेच. वर्षानुवर्षं नुसत्या तालमी आणि वाचनं चालतात, गाणी येतात, जातात, नटाच्या गळ्याप्रमाणे स्वर वरखाली होतात. ‘हॅमिल्टन’चं पहिलं गाणं लिन-मॅन्युअल मिरांडानं मे २००९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये म्हटलं, तेव्हा नाटक नव्हतंच. ब्रॉडवेवर ते आलं ऑगस्ट २०१५ मध्ये. सहा वर्षं. पण मला सांगायचंय ते पुढचं. २०१६ मध्ये मूळ संचातल्या नटांनी निर्मात्यांकडे नफ्याचा वाटा मागितला आणि तो त्यांना मिळाला. म्हणणं असं, की नाटक घडताना आम्ही खोलीत होतो, ते आमच्या अंगावर बेतलं गेलं.

काळीपाच, तुमच्या नाटकाच्या छापील संहितेत ‘निवारा’ हा शब्द असेल. तो कसा आला हे कुठे लिहिलेलं असेल का? पैशांचं सोडा, पण एक ओळ तरी असावी असं मला मनापासून वाटतं. तो श्वास तर कुठल्याच कागदावर नाही.

—

काळीपाच

न्यूजर्सीकर, संगीतकारांच्या वहीत आहे. पेन्सिलीची खूण.

वाटा वगैरे मनात आलं नव्हतं कधी. पण तुम्ही लिहिल्यावर कळलं की रेकॉर्डिंग देताना हात का अडला. दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक म्हणजे ते माझं आहे, मी का देऊ. ही गोष्ट मला आवडली नाही, पण ती आहे. दुसरी म्हणजे, मी दिलं तर मी तिच्या विंगेतली तबकडी होईन. मला जे पहिल्यांदा मिळालं ते तिला मिळणार नाही.

—

अनवट

ताई, मी पायपेटी काकांच्या उलट बोलणार आहे. द्या.

तुम्ही सुभद्रा, भामिनी ऐकत वाढलात म्हणून तो श्वास तुटला तेव्हा तुम्हाला कळलं की काहीतरी घडतंय. ऐकणं म्हणजे नक्कल नव्हे. ती मुलगी बावीस वर्षांची आहे, तिला कुणी रेकॉर्डिंग दिलं नाही तर तिला वाटेल तिच्यावर विश्वास नाही. मला एका मोठ्या गायिकेनं असंच नाकारलं होतं, "तू तुझं शोध" म्हणून. त्यांच्या मनात चांगलंच असेल. पण मला दार बंद झाल्यासारखं वाटलं, आणि ते मी बरीच वर्षं विसरले नाही.

—

पायपेटी

अनवट, तू म्हणतेस ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. आम्ही शिकलो तेव्हा रेकॉर्डिंग नसायचंच, त्यामुळे न देण्याचा प्रश्न नव्हता. गुरुजींच्या शेजारी बसून ऐकायचं. मग असं करता येईल का, की फोन देऊ नये, पण शेजारी बसावं? भास्करबुवा बखल्यांनी १९१६ मध्ये ‘स्वयंवर’च्या चाली दिल्या त्या बंदिशींवरून, ऐकवून, समोरासमोर. ऐकवणारा माणूस समोर असला की शिकणारा त्याच्या चुकाही बघतो. तबकडीत चुका दिसत नाहीत, कारण त्याही पाठ होतात.

—

केपेंकार

काकांना माझा पाठिंबा. ताई, काय ठरलं ते इथे नक्की लिहा.

—

काळीपाच

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमा. तालमी जोरात होत्या.

तुमचे सगळे प्रतिसाद मी छापून पर्समध्ये ठेवले होते. अनवट, तुझा बंद दाराचा परिच्छेद वाचून मी दुसऱ्याच दिवशी त्या मुलीला सगळं सांगितलं. रेकॉर्डिंग फोनमध्ये आहे, तुला कधीही देईन, फक्त पद आधी उभं राहू दे, असं म्हटलं. माझ्या मनात ‘माझं आहे’ असंही येतं, हेसुद्धा सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मग तुम्ही माझ्यासमोर बसा ना." तिला पायपेटी काकांचा प्रतिसाद मी दाखवला नव्हता, तिचं तिनंच सुचवलं.

पहिला आठवडा ती बसून गायली. फार गोड. मारवा तिच्या गळ्यात माझ्यापेक्षा जास्त टोचतो, तिचा रिषभ जरा खाली राहतो आणि तसाच राहू द्यावासा वाटतो. पट्टी तिची काळी चार, म्हणून सगळं दोन सूर खाली आणलं. ऑर्गनवाल्या काकांनी कुरकुर न करता बोटं बदलली.

मग उभी तालीम. बादल्या भरल्या. मी तिसऱ्या ओळीची वाट बघत बसले होते, आता समेवर श्वास येईल. नाही आला. ती तिथून सरळ निघून गेली, दम भरपूर आहे तिचा. मला वाटलं, गेलं ते. आणि चौथ्या ओळीत, मुलाच्या कपाळावर हात ठेवायला ती वाकली तेव्हा, भलत्याच ठिकाणी तुटला. चौथ्या मात्रेवर. तिनं जीभ चावली, गाणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी काही बोलले नाही. संगीतकार म्हणाले, "बादल्या घेऊन पुन्हा ये." तिनं तीनदा केलं. मग त्यांनी जुनी वही काढली, माझी खूण रबरानं न पुसता तिच्या खाली दुसरी केली, आणि तबलजींकडे वळले. चौथी मात्रा म्हणजे टाळीची, तिथे ‘धी’ असतो, डग्ग्यासकट. तबलजींनी दोन आवर्तनं नुसती ऐकली. तिसऱ्याला त्यांनी तेवढ्या एका ठिकाणी डावा हात उचलून धरला.

प्रयोग पुढच्या महिन्यात आहे. रेकॉर्डिंग तिनं अजून मागितलेलं नाही.